फार्मर म्हणजे खोत, आणि बाँड म्हणजे कूळ

आज आडनावांवर बोलायचंय. गेल्या काही भागांत आपण कोकणातली 'कर' लागणारी आडनावं घेतली, गावांची नावं घेतली, तेव्हा एका श्रोत्याने विचारलं की इंग्रजांच्या आडनावांना असे अर्थ असतात का हो? की स्मिथ म्हणजे नुसतंच स्मिथ? प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की असतात, आणि त्यातलं एक आडनाव तर इतकं आपल्या रत्नागिरीतलं आहे की मला राहवलं नाही. म्हणून आजचा अख्खा भाग त्या एकाच आडनावावर. ते आडनाव म्हणजे फार्मर.

आता तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचंय? फार्मर म्हणजे शेतकरी. पहिलीतलं पोर सांगेल. पण गंमत इथेच आहे. फार्मर हे आडनाव जेव्हा पडलं तेव्हा फार्मर म्हणजे शेतकरी नव्हता. तो नांगर धरत नव्हता. तो वसुली करत होता.

लॅटिनमध्ये 'फर्मा' म्हणून एक शब्द होता. पक्कं करणं, ठरवून टाकणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. फर्मा म्हणजे ठरवलेली रक्कम. समजा राजाला एखाद्या परगण्यातून वर्षाला उत्पन्न यायला हवं. राजा काही घरोघर फिरणार नाही. तो एकाला सांगतो, तू मला वर्षाला एवढे ठोक दे, मग त्या मुलखातून तू किती गोळा करतोस ते तुझं तू बघ. जास्त आलं तर तुझं, कमी पडलं तर तुझ्या खिशातून. ही ठोक रक्कम म्हणजे फर्मा. फ्रेंचमध्ये त्याचं 'फेर्म' झालं आणि असा ठेका घेणारा तो 'फेर्मिए'. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्याबरोबर फ्रेंच भाषा दरबारात आणि दफ्तरात आली, आणि त्या शब्दाचं इंग्रजीत फर्मर, फार्मर झालं. इंग्लंडचे शेरिफ आपापल्या परगण्याची अशी ठरलेली रक्कम राजाच्या खजिन्यात भरायचे. त्याचे हिशेब चामड्याच्या गुंडाळ्यांवर लिहिलेले आजही आहेत, सगळ्यात जुनी गुंडाळी ११३० सालची. खालच्या पातळीवर जहागीरदार आपलं गावच एखाद्याला ठोक रकमेवर लावून द्यायचा.

त्याच काळात इंग्लंडमध्ये आडनावं स्थिरावत होती. आधी नुसतं विल्यम, जॉन, रॉबर्ट. पण एका गावात पाच विल्यम झाले की ओळखायचं कसं? मग जो वसुलीचा ठेकेदार आहे तो 'विल्यम ल फर्मर'. जो लोहार तो स्मिथ, जो गिरणीवाला तो मिलर, जो धन्याच्या शेतीवर देखरेख करणारा गावकामगार तो रीव्ह. शेरिफ शब्दातलं 'रिफ' म्हणजे हाच रीव्ह, बरं का. परगण्याचा रीव्ह तो शेरिफ. मुलगा बापाचा धंदा करो न करो, नाव मागे लागलं ते लागलं. साधारण चौदाशे सालापर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांना असं पिढीजात आडनाव चिकटलेलं होतं.

मग फार्मरचा शेतकरी कधी झाला? हळूहळू. गाव ठोक रकमेवर घेणारा माणूस, मग जमीन ठोक खंडावर घेणारा माणूस, मग ती जमीन स्वतः कसणारा माणूस, अशी ती उतरंड आहे. सोळाव्या शतकाच्या सुमारास शब्दाचा रोख 'कसणारा' याकडे वळला आणि नंतर जुना अर्थ लोक विसरूनच गेले. आडनाव मात्र जुन्या अर्थाचं. म्हणजे आज इंग्लंडात कुणी श्रीयुत फार्मर भेटले आणि म्हणाले, आमचे पूर्वज शेतकरी होते, तर बहुधा ते उलटं आहे. त्यांचे पूर्वज शेतकऱ्यांच्या दारात उभे राहणारे होते.

आता हे वर्णन पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. सरकारला ठरलेला सारा भरायचा, गावाकडून आपण वसूल करायचं, मधला फरक आपला. रत्नागिरी जिल्ह्यात याला काय म्हणतात? तुम्ही आतापर्यंत मनात म्हणाला असाल.

खोत.

आणि हे मी ओढूनताणून जोडतोय असं नाही. कंपनी सरकारचे अधिकारी १८१८ नंतर कोकणात आले, त्यांनी खोत बघितला आणि त्याला आपल्या भाषेत काय म्हणायचं याचा फार विचार त्यांना करावा लागला नाही. 'रेव्हेन्यू फार्मर' हा शब्द त्यांच्याकडे तयारच होता. मोल्सवर्थच्या मराठी कोशातसुद्धा खोत शब्दाला केवळ कोकणातला गावखोत एवढाच अर्थ नाही, मक्तेदार, ठेका घेणारा असाही आहे. म्हणजे अर्थ अगदी बरोब्बर एकावर एक बसतो.

खोत शब्द जुना आहे. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९६ ते १३१६ या वर्षांत, गावोगावचे जे मातब्बर वसुली करायचे त्यांना बरनी हा इतिहासकार 'खूत' म्हणतो. हे लोक उंची घोड्यांवर बसतात, भारी कपडे घालतात आणि स्वतः मात्र सारा भरत नाहीत, अशी सुलतानाची तक्रार होती. आपला खोत आणि हा खूत एकच, असं काही अभ्यासक मानतात. घोडा सोडला तर वर्णन कोकणातही ओळखीचं वाटतं. आमच्या चढणींवर पालखी बरी.

खोती चालायची कशी हे तरुण श्रोत्यांसाठी जरा सांगतो, कारण आता घरातली म्हातारी माणसंसुद्धा कमी झाली ज्यांना हे पाहून माहीत होतं. गाव खोताच्या ताब्यात. सरकारशी व्यवहार खोताचा, शेतकऱ्याचा थेट संबंध नाही. गावातले काही लोक धारेकरी, म्हणजे त्यांचा धारा ठरलेला, त्याहून जास्त खोताला मागता येत नाही. आणि बाकीची कुळं. कुळांकडून पिकाचा वाटा घ्यायचा. साधारणपणे भाताचा अर्धा, त्याला अर्धेल म्हणत. डोंगर उतारावरच्या नाचणी, वरी अशा वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, ते तिर्धेल. पण अर्धा म्हणजे कशाचा अर्धा? पीक उभं असतानाच खोताची माणसं बांधावर येऊन अंदाज करायची, की या खाचरात एवढे मण येईल. त्याला अभावणी म्हणत. सगळी मेख त्या अंदाजात. पाऊस नंतर झोडपून गेला, भात आडवं झालं, तरी आकडा आधीच लिहिलेला. शिवाय वेठ होती. खोताच्या घरचं शाकारणं, खोताची लावणी, खोताचं ओझं. हे सगळं वजा जाता सरकारचा सारा भरून जे उरेल ते खोताचं, त्याला कायद्याच्या भाषेतही 'फायदा' असाच शब्द होता. इतका सरळ शब्द कायद्यात क्वचितच सापडतो.

१८८० साली इंग्रज सरकारने खोती सेटलमेंटचा कायदा केला. खोत किती घेऊ शकतो, कुळाचे हक्क कुठले, हे त्यात लिहिलं. पण खोत राहिलाच.

फ्रान्समध्ये मात्र त्यांच्या खोतांचं काय झालं बघा. तिथे तर खोतांची एक मोठी कंपनीच होती, फेर्म जेनेराल. मीठ, तंबाखू यांवरचे कर, जकात, हे सगळं ही मंडळी ठोक रक्कम भरून राजाकडून घ्यायची आणि जनतेकडून वसूल करायची. लोकांचा त्यांच्यावर भयंकर राग. आणि या कंपनीचा एक भागीदार कोण होता? अँत्वान लाव्हाझिए. शाळेत ज्याचं नाव आपण ऑक्सिजनच्या धड्यात वाचतो तो. राज्यक्रांतीत बाकी भागीदारांबरोबर त्यालाही ८ मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवलं. तो रसायनशास्त्रज्ञ म्हणून नाही मेला, फेर्मिए म्हणून मेला.

बरं, फार्मर झाला खोत. मग कूळ कोण? इंग्रजी आडनावांत कुळालाही जागा आहे, आणि ते आडनाव ऐकून तुम्ही हसाल. बाँड.

हो, जेम्स बाँडमधलं बाँड. जुन्या इंग्रजीत 'बोंदा' म्हणजे घरधनी, स्वतःच्या घराचा आणि जमिनीचा मालक, स्वतंत्र शेतकरी. नॉर्मन आले, जमिनी त्यांच्या सरदारांना वाटल्या गेल्या, आणि हा स्वतंत्र घरधनी बघता बघता जहागीरदाराचा बांधील शेतकरी झाला. शब्द तोच, माणूस तोच, फक्त हक्क गेला. गुलामगिरीला इंग्रजीत 'बाँडेज' म्हणतात ते याच शब्दावरून. आता इयान फ्लेमिंगने आपल्या गुप्तहेराला हे नाव दिलं ते काही हा विचार करून नव्हे. वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणारा एक जेम्स बाँड होता, त्याचं नाव त्याने साधं वाटलं म्हणून उचललं. पण अर्थ बघितला तर रुबाबात मार्टिनी पिणारा तो माणूस आडनावाने कूळ आहे.

मला यात एक गोष्ट फार बोचते. बोंदा वरून खाली आला. आपल्याकडे धारेकऱ्याचं अनेक ठिकाणी तेच झालं. एखाद्या दुष्काळी वर्षात धारा थकला, खोताकडून दाणे घेतले, पुढच्या पिढीत कागदावर तो धारेकरी राहिलाच नाही, कूळ झाला. इंग्रजीत निदान त्या माणसाचं आडनाव उरलं. मराठीत पाटील आहे, कुलकर्णी आहे, देशमुख आहे, सरदेसाई आहे, खोत आहे. 'कूळ' हे आडनाव मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

आता एक कोडं. खोत तर जिल्ह्यात गावोगावी होते. मग सगळ्यांचं आडनाव खोत का नाही? लोकमान्य टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव, घराण्याकडे खोती होती, आडनाव टिळक. साने गुरुजींचं गाव पालगड, तेही दापोलीतलंच, घर खोताचं, आडनाव साने. उलट खोत आडनावाची माणसं बघा. मराठा आहेत, रत्नागिरीच्या खाड्यांलगत मुसलमान आहेत, सांगली-कोल्हापूरकडे जैन आहेत. हे काय आहे?

माझा तर्क असा. ज्या घराण्याकडे खोती येण्याआधीच पक्कं उपनाव होतं, ते उपनाव त्यांनी सोडलं नाही. खोती ही त्यांची मालमत्ता होती, ओळख वेगळी होती. दुसरं म्हणजे खोतीच्या तक्षिमा पडायच्या, हिस्से. चार भावांच्या चार तक्षिमा, वहिवाट आळीपाळीने. यंदा याच्याकडे, पुढच्या वर्षी त्याच्याकडे. अशा घरात पद कुणा एकाला चिकटत नाही. पण जिथे एकच घर पिढ्यान् पिढ्या वहिवाट बघतंय आणि गाव त्या घराला दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारत नाही, तिथे पदाचंच आडनाव होतं. आडनाव आपण घेत नसतो हो, बहुतेक वेळा गाव देतं. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'मधला अण्णा खोत आठवा. कादंबरी वाचून संपली तरी त्याचं दुसरं काही आडनाव असेल असं मनात येत नाही.

आणि मग हे आडनाव कागदावर पक्कं झालं ते शाळेत आणि कचेरीत. मास्तरांनी विचारलं, पूर्ण नाव काय? बापाने जे सांगितलं किंवा मास्तरांना जे बरं वाटलं, ते पटावर चढलं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे गाव. तिथलं सकपाळ घराणं. रामजी सकपाळ लष्करात सुभेदार, नोकरीमुळे गावापासून दूर. १८९१ साली महूला त्यांना मुलगा झाला. त्या भिवाचं नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. गावावरून आंबडवेकर, आणि त्याचं झालं आंबेडकर. तिथल्या आंबेडकर नावाच्या मास्तरांनी ते सुटसुटीत करून दिलं ही आठवण तुम्ही ऐकलेली आहेच, ती मी पुन्हा सांगत बसत नाही.

मी बघतो ते वेगळ्या बाजूने. सकपाळ हे घराण्याचं नाव. आंबडवेकर हे गावाचं नाव. गावाचं नाव कुणालाही लावता येतं, त्यात तुम्ही वर होता की खाली हे लिहिलेलं नसतं. खोत या नावात मात्र ते पहिल्या अक्षरापासून लिहिलेलं आहे. आणि ज्या मुलाच्या नावात मंडणगड तालुक्यातलं एक खोती मुलखातलं गाव बसलं होतं, त्यानेच १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने गेले. त्या आधीपासून, १९३३ पासून, अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप पुकारलेला होता, तो सुमारे सहा वर्षं चालला. पुढारी नारायण नागू पाटील. म्हणजे खोतांविरुद्ध लढणाऱ्याचं आडनावसुद्धा एका गावकामगाराच्या पदाचंच. आपल्या समाजात या पदांपासून सुटका नाही!

त्या विधेयकाचा तेव्हा कायदा झाला नाही. तेव्हा मुंबई प्रांताचे प्रधानमंत्री होते बाळासाहेब खेर, आणि तेही जन्माने रत्नागिरीचेच. पुढे त्याच खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, १९४९ साली, खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. त्याच सुमाराला, १९४८ चा कूळकायदा, आणि मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारं कूळ मालक मानलं गेलं. शतकानुशतकांचं एक पद साधारण दहा वर्षांत कागदावरून गेलं. नावातून नाही गेलं.

म्हणजे आज ज्यांचं आडनाव खोत आहे त्यांची स्थिती इंग्लंडच्या फार्मरसारखीच आहे का? अर्धी. फार्मरचा अर्थ इंग्रज विसरले, त्यामुळे ते नाव निरुपद्रवी झालं. अमेरिकेत फॅनी फार्मर म्हणून एक बाई झाल्या, त्यांनी १८९६ साली स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं, चमचा काठोकाठ सपाट करून मोजायचा ही शिस्त त्यांनी घराघरात नेली. तिथलेच जेम्स फार्मर, काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतले मोठे पुढारी. त्यांचे आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. अशा माणसाच्या नावात वसुली करणाऱ्याचं पद आहे, पण ते कुणाला टोचत नाही, कारण कुणाला ऐकूच येत नाही.

रत्नागिरीत अजून ऐकू येतं. कुठे खोत म्हटलं की एखादी म्हातारी पदर सावरते, कुठे कुणाच्या तरी आजोबांच्या वेठीची गोष्ट निघते. आणि दुसरीकडे, देशावर सदाभाऊ खोत हे शेतकरी चळवळीतून येऊन २०१६ मध्ये कृषी राज्यमंत्री झाले, त्यांच्या संघटनेचं नाव रयत क्रांती. खोताच्या नावापुढे रयत! तिकडे या शब्दाला कोकणातला वास नाही, म्हणून हे सहज जमलं. आणि पारशांकडे बघा, नरी काँट्रॅक्टर, आपला क्रिकेट कप्तान. काँट्रॅक्टर म्हणजे ठेकेदार, म्हणजे मोल्सवर्थच्या हिशेबाने तोही खोतच. पण त्या नावाला कुणी कधी भ्यालं नाही.

मला कधीकधी खोत आडनावाची तरुण मुलं विचारतात की आम्ही हे लावायचं की बदलायचं. माझं म्हणणं, लावा. पण आपल्या घरात ते कुठून आलं ते बघून मग लावा. कारण प्रत्येक खोत गावाचा खोत होताच असं नाही. कुणी लहानसा मक्तेदार असेल. कुणाचं नुसतं शाळेत लिहिलं गेलं असेल.

आता बघायचं कुठे, तर तेवढं सांगून थांबतो. नुसत्या सातबारावर भागत नाही, तो आजचा. त्याच्या मागचे फेरफार काढा, एकामागून एक, जितके मागे जाता येईल तितके. १९४९ ते १९५७ च्या आसपासच्या फेरफारांत खोती गेल्याची, कुळाचं नाव लागल्याची नोंद सापडते. इतर हक्काचा रकाना वाचल्याशिवाय पान उलटू नका. तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुनी पानं मिळतात, मोडी असतील तर वाचणारा माणूस शोधावा लागतो, आणि जिल्ह्यात तसे जाणकार अजून आहेत. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढा. त्यावरचं आडनाव आणि पणजोबांच्या जमिनीच्या कागदावरचं आडनाव एकच आहे का ते ताडून बघा. ते दोन कागद शेजारी ठेवले की बहुतेक गोष्ट कळते. आणि तुमच्याकडे असं काही सापडलं, विशेषतः घराण्याचं एक नाव आणि पटावरचं दुसरं असं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात आपण 'मुकादम' घेणार आहोत.